चायनाटाउनमधील वृद्ध स्थलांतरित, सॅन फ्रान्सिस्को

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातील सॅन फ्रान्सिस्को शहराच्या जुन्या चिनी वस्तीत उतारवय काढणारा समाज. १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना अमेरिकेत बंदी झाली, ती १९४३ मध्ये उठली. बायकामुलांना आणणेही दुरापास्त असल्याने आधीच्या पिढीतील कितीतरी पुरुष एकट्यानेच म्हातारे झाले. १९६५ मध्ये स्थलांतराचा कायदा बदलल्यानंतर कुटुंबे आली, मागोमाग आईवडीलही.

बिऱ्हाड बहुधा एका खोलीचे. खोलीत खाट, वर कपड्यांची दोरी. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर मजल्यावरच्या सर्वांत सामाईक. तरीही उपनगरातल्या मुलाच्या ऐसपैस घरी जायला अनेक जण राजी नसतात. यात हट्टापेक्षा व्यवहार अधिक आहे. कँटोनीज बोलणारा डॉक्टर, ओळखीचा भाजीवाला, पोर्ट्समथ चौकातला पत्त्यांचा किंवा चिनी बुद्धिबळाचा डाव, सारे पायी अंतरावर असते. गाडी न चालवणाऱ्या, इंग्रजी न येणाऱ्या माणसाला उपनगर म्हणजे नजरकैदच.

येथे १९७१ मध्ये स्थापन झालेल्या ‘ऑन लोक’ संस्थेने दिवसा केंद्रात जेवण व औषधोपचार, रात्री स्वतःच्या घरी मुक्काम अशी पद्धत रुजवली. तिच्यावरून घडलेल्या ‘पेस’ या वृद्धांच्या देखभालीच्या योजनेला १९९७ मध्ये मेडिकेअर या सरकारी आरोग्यविम्यात कायम स्थान मिळाले.

वस्तीचा हा आधार जमिनीच्या भावापुढे मात्र लेचापेचा ठरतो. लगतच्या इंटरनॅशनल हॉटेलातून ४ ऑगस्ट १९७७ रोजी पोलिसांनी वृद्ध फिलिपिनो व चिनी भाडेकरूंना बाहेर काढले. त्याच जागी वृद्धांसाठी नवी इमारत उभी राहायला २००५ साल उजाडले.