ख्रिस्तपुराण व त्याचे श्रोते

इ. स. १५७९ मध्ये टॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट पाद्री गोव्यास आले, तेव्हा सासष्टीतील देवळे पाडली गेल्यास अवघी बारा वर्षे लोटली होती. नवख्रिस्ती घरांतून जुनी पुराणे गेली. परंतु पुराणश्रवणाची भूक काही गेली नाही. त्या पुराणांच्या ठायी आम्हांस दुसरे काही द्यावे, ही श्रोत्याची विनंती फादर स्टीफन्स यांनी ग्रंथारंभीच नोंदविली आहे.

तिचे उत्तर म्हणजे १६१६ साली रायतूर येथे रोमन लिपीत छापलेले ‘ख्रिस्तपुराण’. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या मराठी ग्रंथात पहिले पुराण जुन्या कराराचे, दुसरे येशूच्या चरित्राचे. कथा यहुदी लोकांची. पण छंद मराठी संतांच्या ओवीचा, आणि स्वर्गाला नाव वैकुंठ! ऐकणाऱ्याच्या मातृभाषेत उतरल्यावाचून धर्मकथा अंतःकरणात उतरत नाही, हे या कवीने ओळखले होते. तथापि पुराणे हिरावून घेणारी सत्ता आणि नवे पुराण देणारा कवी एकाच धर्माचे होते, हेही विसरता येत नाही.

पुढे १६८४ साली त्याच सत्तेने हुकूम काढला की, प्रजेने तीन वर्षांत स्वभाषा टाकून पोर्तुगीज बोलावी. ख्रिस्तपुराणाच्या सतराव्या शतकातील तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ मात्र हस्तलिखितांतून तरला व १९०७ साली मंगळुरास पुन्हा छापला गेला. हुकमाची मुदत तीन वर्षांची होती. ओव्या तीन शतके ओलांडून आल्या.