आयर्लंडच्या नाण्यांचे अस्वीकृत नमुने : एक तुलना

एखाद्या ग्रंथाचे पाठभेद तपासताना संपादकाने स्वीकारलेल्या पाठाइतकेच महत्त्व त्याने नाकारलेल्या पाठांनाही असते. नाण्यांच्या बाबतीत असा अभ्यास क्वचितच शक्य होतो. कारण चलनात न आलेले नमुने बहुधा टांकसाळीतच राहतात. आयरिश फ्री स्टेटची 1928 ची नाणी मात्र या नियमाला अपवाद होत.

1926 च्या नाणेविषयक कायद्यानंतर नमुन्यांची निवड करण्यासाठी कवी विल्यम बटलर येट्स यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. शासनाच्या अटी तीन होत्या : बहुसंख्य नाण्यांवर वीणासदृश हार्प हे वाद्य असावे, मुद्रालेख केवळ आयरिश भाषेत असावा आणि आधुनिक व्यक्तीची प्रतिमा नसावी. समितीने प्राणिसृष्टीचा आश्रय घेतला. अर्ध्या क्राउनवर घोडा, फ्लोरिनवर सामन मासा, शिलिंगवर बैल आणि उतरत्या क्रमाने फार्दिंगवर वुडकॉक पक्षी, अशी योजना ठरली. आदर्श म्हणून प्राचीन ग्रीक नाण्यांची छायाचित्रे कलावंतांकडे धाडण्यात आली.

जेरोम कॉनर, अल्बर्ट पॉवर, ऑलिव्हर शेपर्ड हे आयरिश. पॉल मॅनशिप अमेरिकन, कार्ल मिलेस स्वीडिश, पुब्लिओ मोर्बिदुच्ची इटालियन आणि पर्सी मेटकाफ इंग्रज. या सातांच्या नमुन्यांची परीक्षा कर्त्यांची नावे झाकून झाली. विषय, मजकूर व आकार सर्वांना समान असल्यामुळे उरणारा भेद केवळ हाताचा व दृष्टीचा. तुलनेस याहून अनुकूल सामग्री मिळणे कठीण.

सर्व नाणी मेटकाफ यांचीच निवडली गेली. यावरून इतर नमुने निकृष्ट होते, असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. येट्स यांनी अन्य काही कलावंतांच्या नमुन्यांचीही प्रशंसा केली होती. परंतु निरनिराळ्या हातांची नाणी एकत्र केल्यास मालिकेची एकात्मता भंगते, हा विचार निर्णायक ठरला. म्हणजे निवड सुट्या नाण्याची नव्हे, संचाची झाली. मोर्बिदुच्चींच्या नमुन्यांची 1927 ची चाचणी-नाणी उपलब्ध आहेत. त्यांची मेटकाफ यांच्या नाण्यांशी तुलना करता येते. मात्र ज्यांचे केवळ मातीचे वा प्लास्टरचे नमुने उरले, त्यांना धातूच्या नाण्याशेजारी ठेवणे न्याय्य नव्हे. कारण लहान आकारात उतरल्यावर उठाव व रेषा बदलतात.

विजेत्याचेही काही नमुने अस्वीकृतच राहिले, ही गोष्ट सहसा दुर्लक्षिली जाते. मेटकाफ यांच्या मूळ बैलात व डुकरिणीत कृषितज्ज्ञांच्या मतानुसार फेरफार झाले. मूळ रूपे गेल्याची खंत येट्स यांनी व्यक्त केली. येथे पाठभेद दोन लेखकांतील नसून एकाच लेखकाच्या दोन खर्ड्यांतील आहे. कलेचा प्राणी आणि बाजारातील जनावर यांतील संघर्ष त्यात दिसतो.

मुद्रालेखाची गोष्टही अशीच बोधप्रद आहे. लेख आयरिश, लिपीचे वळण गेलिक. परंतु ‘स्किलिंग’ व ‘फ्लोरीन’ हे शब्द उसनेच. सहा पेन्सच्या नाण्यावरील ‘रेउल’ हे रूप पुढे ‘रेआल’ असे बदलले. मूल्ये ब्रिटिश पद्धतीचीच राहिली आणि नाणी पाडली लंडनच्या राजटांकसाळीत. रुप्याच्या नाण्यांत मात्र रुप्याचे प्रमाण ब्रिटिश नाण्यांतील 50 टक्क्यांऐवजी 75 टक्के होते.

मुदतीनंतर पोहोचलेला इव्हान मेश्त्रोविच यांचा हार्पचा नमुना नाण्यावर आला नाही. पुढे तो आयर्लंडच्या मध्यवर्ती बँकेची मुद्रा बनला. अस्वीकृती हा कलाकृतीविषयीचा अखेरचा निर्णय नसतो. त्या प्रसंगाची गरज काय होती, एवढेच ती सांगते. नाणकशास्त्राच्या अभ्यासकाने ही मर्यादा ओळखूनच असे नमुने हाती घ्यावेत.