वीस बाइटांत न मावणारं नाव

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. इंजिनिअरिंग संपवून मी पुण्यात पहिल्या नोकरीला लागलो होतो. माझ्या वाट्याला एक जुना प्रोग्रॅम आला. सी भाषेत लिहिलेला, एका पतसंस्थेच्या ठेवपावत्या छापणारा. मूळचा तो इंग्रजी नावांसाठी होता. आता संस्थेला पावत्या मराठीत हव्या होत्या. माहिती मराठीत भरून झाली होती आणि उरलेलं 'छोटंसं काम' माझ्याकडे होतं.

मी ते दोन दिवसांत उरकलं. तिसऱ्या दिवशी पतसंस्थेतून फोन आला. काउंटरवरच्या ताई म्हणाल्या, "सर, एक आजोबा बसलेत समोर. पावतीवर सही करायला तयार नाहीत. म्हणतात, हे माझं नाव नाही."

त्यांनी पावतीचा फोटो पाठवला. रक्कम बरोबर, तारीख बरोबर, व्याजदर बरोबर. नावाच्या जागी 'ज्ञाने' आणि त्यापुढे एक रिकामा चौकोन. आजोबांचं नाव ज्ञानेश्वर. आडनाव तर आलंच नव्हतं.

मला आधी हसू आलं. मग ताईंनी आजोबांचं म्हणणं सांगितलं : उद्या माझं काही झालं, तर ही पावती घेऊन माझ्या मुलीनं कुणाकडे जायचं? ज्ञाने कोण, हे तिनं कसं सिद्ध करायचं?

हसू थांबलं. त्या चौकोनाच्या मागे लागलो आणि थेट १९८९ सालापर्यंत पोचलो.

एक अक्षर, एक बाइट

सी भाषा १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये डेनिस रिची यांनी घडवली. त्या वेळी संगणकावरचा मजकूर म्हणजे प्रामुख्याने इंग्रजी, आणि त्यासाठी १९६३ साली ठरलेला ॲस्की हा संकेत होता. त्यात एकूण १२८ जागा : अक्षरं, आकडे, विरामचिन्हं आणि यंत्राला द्यायच्या काही सूचना. एका बाइटमध्ये २५६ वेगवेगळ्या किमती बसतात, म्हणजे निम्मी जागा रिकामीच. सीमध्ये 'कॅर' नावाचा प्रकार आला, त्याचा आकार एक बाइट. एक अक्षर म्हणजे एक बाइट, हे समीकरण इतकं सोयीचं होतं की ते गृहीतक आहे हेच लोक विसरले.

माझ्या प्रोग्रॅममध्येही तेच होतं. नाव छापायच्या रकान्याला वीस बाइट. त्यातला शेवटचा बाइट मजकूर संपल्याची खूण म्हणून शून्यासाठी राखीव, म्हणजे हाताशी उरले एकोणीस. इंग्रजी नाव-आडनाव त्यात दाटीवाटीनं बसायचं.

आता 'ज्ञानेश्वर' घ्या. आपल्याला ती चार-पाच अक्षरं वाटतात. युनिकोडच्या हिशेबात ती दहा आहेत : ज, हलन्त, ञ, काना, न, मात्रा, श, हलन्त, व, र. आणि आज सगळीकडे वापरल्या जाणाऱ्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीतलं यातलं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. दहा त्रिक तीस. एकोणीस बाइटांत सहा चिन्हं पूर्ण बसली, अठरा बाइट संपले. उरलेल्या एका बाइटात 'श'चा पहिला तुकडा आला. तो तुकडा म्हणजेच आजोबांच्या पावतीवरचा चौकोन.

जपानला आधी ठेच लागली

हा प्रश्न आपल्याआधी जपानला भेडसावला. जपानच्या राष्ट्रीय मानकानं १९७८ साली कांजी आणि इतर मिळून सहा हजारांहून अधिक चिन्हांची यादी पक्की केली. २५६ किमतींच्या बाइटात ती मावणं शक्यच नव्हतं. म्हणून एका अक्षराला दोन बाइट द्यायचे ठरले. पण इंग्रजी मजकूर तर एका बाइटचाच राहणार. मग दोन्हींची सरमिसळ कशी ओळखायची?

यावर एकापेक्षा जास्त उत्तरं निघाली, हीच खरी अडचण झाली. शिफ्ट-जिस नावाच्या पद्धतीत पहिल्या बाइटवरून कळायचं, की पुढचा बाइट याच अक्षराचा आहे. पण तो दुसरा बाइट कधीकधी ॲस्कीतल्या चिन्हासारखा दिसायचा. 'तक्ता' या अर्थाचं कांजी अक्षर त्यात १४९ आणि ९२ या दोन बाइटांनी लिहितात. आता ९२ म्हणजे ॲस्कीत बॅकस्लॅश, आणि सी भाषेत बॅकस्लॅशला विशेष अर्थ. भोळा कंपायलर अक्षराचा अर्धा भाग सूचना समजून गिळून टाकायचा. साधा 'तक्ता' हा शब्द छापताना प्रोग्रॅमनं अडखळावं, ही काही काल्पनिक भीती नव्हती.

ईमेलसाठी वापरात आलेली पद्धत आणखी निराळी. तिथे मजकुराच्या मधोमध खुणा पेरलेल्या असत : 'इथून जपानी सुरू', 'इथून परत इंग्रजी'. म्हणजे मधला एखादा बाइट उचलून पाहिला, तर त्याचा अर्थ मागे काय घडून गेलं यावर अवलंबून. खूण हरवली की पुढचा सगळा मजकूर अनाकलनीय. अशा मजकुराला जपानी भाषेत 'मोजिबाके' म्हणतात.

१९८९ ची तडजोड

सी भाषेचं पहिलं अधिकृत मानक अमेरिकेत १९८९ साली आलं आणि पुढच्या वर्षी ते आंतरराष्ट्रीय झालं. ते लिहिणाऱ्यांपुढे हे सगळे संकेत होते. एकाची बाजू घेतली तर बाकीचे रुसणार. म्हणून त्यांनी मजकुराची दोन रूपं मानली.

बाहेरचं रूप मल्टिबाइट : फाइलमध्ये, तारेवर, पडद्यावर मजकूर जसा असेल तसा. एखादं अक्षर एका बाइटचं, एखादं दोन-तीन बाइटांचं. आतलं रूप वाइड कॅरॅक्टर : प्रोग्रॅमच्या स्मृतीत प्रत्येक अक्षराला सारख्या मापाचा खण. मोजायला, कापायला, उलटवायला सोपं. बाहेरून आत आणायला आणि आतून बाहेर न्यायला पाच फंक्शनं दिली. त्यातलं अख्ख्या ओळीचं रूपांतर करणारं फंक्शन म्हणजे एमबीएस-टू-डब्ल्यूसीएस : मल्टिबाइट स्ट्रिंगपासून वाइड कॅरॅक्टर स्ट्रिंगकडे.

पण बाहेरचे बाइट कोणत्या संकेतातले आहेत, हे या फंक्शनला कोण सांगणार? त्याचं उत्तर 'लोकेल'. भाषा, देश आणि संकेत यांची मिळून एक ओळख. तारीख कशी लिहायची, आकड्यांत स्वल्पविराम कुठे द्यायचा, वर्णानुक्रम कोणता आणि बाइटांचा अर्थ काय लावायचा, हे सगळं लोकेल ठरवतं. प्रोग्रॅमनं 'सेटलोकेल' हे फंक्शन रिकामं नाव देऊन बोलावलं, की यंत्राच्या मालकानं निवडलेलं लोकेल लागू होतं.

आणि बोलावलंच नाही तर? मानकाचं उत्तर स्पष्ट आहे. प्रत्येक प्रोग्रॅम सुरू होतो तो 'सी' नावाच्या लोकेलमध्ये. म्हणजे जुन्या इंग्रजी जगात. मराठी हवी असेल तर तसं सांगावं लागतं.

माझ्या लॅपटॉपवर तर चालतंय

मी हे सगळं वाचलं, सेटलोकेलची ओळ घातली, नाव वाइड रूपात आणलं, एकोणिसाव्या खणापाशी कापलं, परत मल्टिबाइट करून छापलं. लॅपटॉपवर 'ज्ञानेश्वर' पूर्ण आलं. अभिमानानं पाठवून दिलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. आता कुणाचंच नाव येत नव्हतं. शंभरेक निनावी पावत्या.

झालं होतं ते असं. पतसंस्थेच्या सर्व्हरवर हा प्रोग्रॅम रात्री आपोआप चालायचा, आणि त्या वेळी भाषेची कोणतीही निवड त्याच्यापर्यंत पोचत नसे. सेटलोकेलनं यंत्राला विचारलं, 'कोणतं लोकेल?' यंत्र गप्प. मग परत तेच 'सी' लोकेल. त्यात देवनागरीचे बाइट अवैध. एमबीएस-टू-डब्ल्यूसीएसनं उणे एक हे उत्तर दिलं, म्हणजे 'मला हे वाचता येत नाही'. चूक आली तर नाव रिकामं सोडायचं, असं मीच लिहिलं होतं. फंक्शननं खरं सांगितलं, ते लपवलं मी.

मग मी 'मराठी, भारत, यूटीएफ-८' असं लोकेल थेट नावानं मागितलं. तेही मिळेना, कारण त्या सर्व्हरवर ते बसवलेलंच नव्हतं. लिनक्समध्ये मराठीचं लोकेल उपलब्ध असतं, पण ते त्या यंत्रावर तयार करून घ्यावं लागतं. महाराष्ट्रातल्या एका पतसंस्थेच्या यंत्रात मराठी होती, फक्त कुणी चालू केलेली नव्हती. ती चालू केली, आणि नावं आली.

दरम्यान, आपल्याकडे

आपण त्या काळात गप्प बसलो होतो असं नाही. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेलं भारतीय लिप्यांचं काम इस्की या संकेतापर्यंत आलं. १९९१ साली ते भारतीय मानक झालं. त्याची कल्पना देखणी होती : बाइटाचा खालचा अर्धा भाग ॲस्कीला, वरचा भारतीय लिप्यांना. सगळ्या लिप्यांतला 'क' एकाच जागी, लिपी बदलायची ती दाखवताना. त्याच वर्षी आलेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीनं देवनागरीची मांडणी इस्कीच्या आधीच्या, १९८८ च्या आराखड्यावरून घेतली. आज तुमच्या फोनमध्ये 'क'नंतर 'ख' ज्या क्रमानं बसला आहे, त्यामागे ते काम आहे.

पण छपाईच्या जगात बराच काळ वेगळाच जुगाड चालला. इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी आकार बसवलेले फॉन्ट. फॉन्ट असेल तर मराठी, नसेल तर इंग्रजी अक्षरांचा कचरा. घरात एखादी जुनी लग्नपत्रिकेची फाइल असेल तर उघडून बघा. हे आपलं घरगुती मोजिबाके.

गुंता सोडवणारी कल्पना सप्टेंबर १९९२ मध्ये आली. केन थॉम्पसन यांनी न्यू जर्सीतल्या एका हॉटेलात, रॉब पाइक समोर बसलेले असताना, ताटाखालच्या कागदावर यूटीएफ-८ ची रचना मांडली. पहिल्या बाइटवरून अक्षराची लांबी कळते, पुढचे बाइट 'मी मधला आहे' हे स्वतःच सांगतात आणि ॲस्कीचा बाइट दुसऱ्या अक्षराच्या पोटात कधीच येत नाही. मागची खूण हरवण्याची भीती नाही, बॅकस्लॅशचा सापळा नाही. 'क' म्हणजे २२४, १६४, १४९. जगात कुठेही.

खण सारखे, पण कोणाचे?

आता वाइड कॅरॅक्टरचं काय झालं? मानकानं त्याचं माप ठरवून दिलं नव्हतं. युनिकोड सुरुवातीला सोळा बिटांचा होता, त्यामुळे विंडोजनं सोळा बिटांचा खण घेतला. लिनक्सनं बत्तीस. १९९६ साली युनिकोडनं सोळा बिटांची वेस ओलांडली आणि विंडोजवर काही अक्षरांना दोन-दोन खण लागू लागले. इमोजी बहुतांशी त्या वेशीबाहेर राहतात. आणि मोडी लिपीसुद्धा. ती २०१४ साली युनिकोडमध्ये आली. एकेकाळी महाराष्ट्राचे दप्तर जिच्यात लिहिले गेले, तिचं एक अक्षर तिथे एका खणात मावत नाही.

माझी शेवटची ठेच मात्र लिनक्सवरच लागली. या वेळी पाठवण्याआधी मी मुद्दाम लांब नाव टाकून पाहिलं : 'पुरुषोत्तमराव कुलकर्णी'. एकोणीस खणांनंतर कापलं. छापून आलं 'पुरुषोत्तमराव कुलकर'. रफार डोक्यावरून खाली उतरून पूर्ण 'र' झाला होता. चौकोन नाही, त्रुटी नाही, उणे एक नाही. यंत्राच्या दृष्टीनं सगळं चोख. तरीही नाव चुकलेलं, आणि या वेळी चूक दिसणारीही नव्हती.

कारण वाइड कॅरॅक्टर म्हणजे अक्षर नव्हे. 'क्षितिज' यूटीएफ-८ मध्ये एकवीस बाइट, वाइड रूपात सात खण, आणि बालवाडीतल्या मुलाला विचारलं तर तीन अक्षरं : क्षि, ति, ज. मजकूर कुठे तोडावा याचे युनिकोडचे नियम आहेत, पण त्यांतही जोडाक्षर अखंड ठेवण्याचा नियम २०२३ च्या आवृत्तीत आला. तोवर 'क्षि'चे दोन तुकडे मोजले जात.

मी शेवटी काय केलं? कापणंच बंद केलं. नावाचा रकाना दोन ओळींचा केला, आणि रूपांतर फसलं तर निनावी पावती छापण्याऐवजी प्रोग्रॅम थांबेल असं लिहिलं. साठवणीत नावं आधीपासून पूर्णच होती. त्यांना छोटं करत होतो ते आम्ही, वीस बाइटांच्या सवयीनं.

आठवड्यानं ताईंनी फोटो पाठवला. नाव, आडनाव, सगळं. खाली आजोबांची सही होती, मोठी, ठळक, आणि पावतीवर सहीसाठी दिलेल्या चौकटीच्या चांगलीच बाहेर गेलेली.