हाडं, दात आणि गावकूस

मागं आमच्या वस्तीतल्या विहारात अभ्यासवर्ग होता. विषय अस्पृश्यतेचा उगम. वक्त्यानं तासभर बाबासाहेबांचा 'ब्रोकन मेन'चा सिद्धान्त सांगितला, टोळीयुद्धात वाताहत झालेल्या माणसांचा. शेवटी एक पोरगं उठलं. अकरावी-बारावीचं असेल. म्हणालं, "सर, हे असंच घडलं याला पुरावा काय?"

झालं. मागून दोघं ओरडले, "बस खाली." एकानं विचारलं, "कुणी शिकवून पाठवलं रे तुला?" पोरगं बसलं. कान लाल झालेले. मीही तिथं होतो आणि गप्प होतो. हे लिहितोय ते त्या गप्प बसण्यापायी.

कारण तो प्रश्न त्या पोराच्या आधी खुद्द बाबासाहेबांनी विचारलेला आहे. 'द अनटचेबल्स' हे पुस्तक १९४८ साली निघालं. नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीला अर्पण केलेलं. आपले बरेच कार्यकर्ते प्रस्तावना ओलांडून थेट प्रकरणांत शिरतात आणि तिथंच घोटाळा होतो. प्रस्तावनेत बाबासाहेब सरळ सांगतात की हा उगम मेलेल्या भूतकाळात गाडला गेलाय, थेट पुरावा हाती लागत नाही. लागणार कसा? ज्यांनी अस्पृश्यता लादली त्यांनी तिची जन्मतारीख टिपून ठेवली नाही, आणि ज्यांच्यावर लादली त्यांच्या हातात लेखणी नव्हती. मग इतिहासकारानं काय दुकान बंद करायचं? बाबासाहेबांचं उत्तर असं की साखळीतल्या कड्या हरवल्या असतील तिथं कल्पनाशक्ती आणि अंतःप्रेरणा वापरायला इतिहासकाराला मोकळीक पाहिजे. आधाराला ते गॉर्की घेतात. विखुरलेली हाडं आणि दात पाहून नामशेष झालेला प्राणी डोळ्यांपुढं उभा करणाऱ्याचं, फुटक्या दगडांवरून अख्खं शहर ताडणाऱ्याचं जे काम, तेच आपलं काम असं ते म्हणतात. या अर्थानं हे पुस्तक इतिहासापेक्षा कलाकृतीच जास्त आहे, हेही कबूल करून टाकतात. वर टीकाकारांना सांगतात की हा शेवटचा शब्द समजू नका, तूर्त चालण्याजोगं गृहीतक म्हणून तपासा.

जो माणूस स्वतःच तपासा म्हणतो, त्याच्या नावानं आपण पोराला खाली बसवलं.

आता कुणी म्हणेल, म्हणजे आपला इतिहास कल्पनेचा आणि त्यांचा पुराव्याचा? थांबा जरा. पुरुषसूक्त काय आहे? एका अवाढव्य पुरुषाच्या तोंडापासून, बाहूंपासून, मांड्यांपासून, पायांपासून समाज निघाला, हे कुणा कवीनं रंगवलेलं चित्र. पिढ्यान्‌पिढ्या ते चित्र जन्मदाखला म्हणून वाचलं गेलं. कल्पना तिथंही आहेच. फक्त तिला कुणी पुरावा विचारला नाही.

बरं, ती जुन्या काळची गोष्ट म्हणून सोडा. रिस्लेसाहेब तर विज्ञानवाला. १९०१ च्या जनगणनेचा हा आयुक्त. त्याआधी १८९१ साली त्यानं बंगालच्या जातिजमातींवर जाडजूड ग्रंथ काढला. माणसांची नाकं मोजली, लांबी-रुंदीचं गुणोत्तर काढलं आणि निष्कर्ष मांडला की नाक जितकं रुंद तितकी जात खालची. आकडे, तक्ते, सगळं रीतसर. पण नाकच मोजायचं, हे त्याला कुणी सांगितलं? वरचे गोरे आर्य आणि खालचे चपट्या नाकाचे अनार्य, हे चित्र त्याच्या डोक्यात आधीच टांगलेलं होतं. मोजपट्टी नंतर हातात आली. बाबासाहेबांनी त्यांचीच मोजपट्टी उचलली. घुर्ये यांनी मांडलेले आकडे घेऊन प्रांताप्रांतातल्या ब्राह्मणांची आणि अस्पृश्यांची नाकं शेजारी शेजारी ठेवली आणि दाखवलं की हे शास्त्र खरं मानायचं तर दोघं एकाच वंशाचे ठरतात. वंशाची गोष्ट तिथंच आपटली.

जोतिरावांनीही हेच हत्यार चालवलं होतं. १८७३ च्या 'गुलामगिरी'त त्यांनी मासा, कासव, डुक्कर हे अवतार म्हणजे चाल करून आलेल्या आर्यांचे पुढारी असं वाचलं. म्हसोबा, खंडोबा, जोतिबा हे बळीराजाचे अधिकारी ठरवले. बायका ओवाळताना अजून बळीचं राज्य मागतात, ते त्यांनी साक्षीला उभं केलं. त्यांच्या काही व्युत्पत्त्या आज टिकत नाहीत. 'महार' म्हणजे 'महाअरी' हे भाषाशास्त्रात बसत नाही, तर नाही म्हणावं, त्यात जोतिराव लहान होत नाहीत. त्याआधी गावाबाहेरच्या शेंदरी दगडाला कुणी इतिहासात धरलं होतं?

पण मला खरी मौज वाटते ती बाबासाहेबांनी सुरुवात कुठून केली याची. सुरुवात गावकुसापासून. आपण सगळे गावकुसाबाहेर जन्मलो. अन्याय म्हणून ते आपल्याला माहीत, पण सवाल म्हणून कितीजणांनी पाहिलं? बाबासाहेब विचारतात, ही माणसं आधी गावात होती आणि मग हाकलली गेली, की पहिल्यापासूनच बाहेर होती? देशभरच्या हजारो गावांतून कुणी एकाच तऱ्हेनं माणसं उचलून बाहेर वसवली हे पटत नाही. म्हणून ती पहिल्यापासून बाहेर असावीत. मग का? इथं कल्पना कामाला लागते. टोळ्या भटकत होत्या. काही शेती करून स्थिरावल्या, काही लुटत राहिल्या. लढायांत मोडून पांगलेल्यांना आसरा पाहिजे होता, स्थिरावलेल्यांना राखणदार पाहिजे होते. सौदा झाला. पण रक्ताचं नातं नाही, म्हणून वस्ती कुसाबाहेर. येसकराचं काम आठवा म्हणजे चित्र अगदी ओळखीचं वाटतं.

आणि ओळखीचं वाटतं तिथंच सावध व्हायचं. बाबासाहेब झालेले आहेत. ते दाखले शोधत आयर्लंडला आणि वेल्सला जातात. तिथं फुइधिर आणि आल्टुड नावाचे असेच परके, पांगलेले लोक गावापासून वेगळे राहत. पण तिथली वेगळी वस्ती पुढं मिटली. आपली का मिटली नाही, हा सवालही तेच स्वतःवर घेतात. मग 'अन्त्यज' शब्द धरतात. अन्त्य म्हणजे शेवटी जन्मलेला, असं पंडित सांगत. पण सूक्ताप्रमाणं शेवटी निघाला तो शूद्र, आणि त्याला कुणी अन्त्यज म्हणत नाही. मग अन्त्य म्हणजे गावाच्या टोकाला राहणारा, हा अर्थ जास्त सरळ. हे लोक बौद्ध होते, ब्राह्मणांनी गोमांस सोडलं आणि यांनी मेलेल्या गाईचं मांस खाणं सोडलं नाही, त्यातून विटाळ आला, ही पुढची पायरी. काळ सुमारे इ.स. ४००. मनूच्या वेळी अस्पृश्यता नव्हती, अपवित्रपणा होता. ह्युएनत्संग सातव्या शतकात आला तेव्हा ती होती. असा हिशोब.

त्या पोराला मी नंतर गाठलं आणि प्रस्तावनेची झेरॉक्स दिली. आठवड्यानं ते परत आलं ते जातककथा घेऊनच. चित्त-संभूत जातक. आपल्याच पिटकातलं. उज्जैनीच्या वेशीवर दोघा चांडाळ भावांना पाहून दोन श्रीमंत पोरी विटाळ झाला म्हणून डोळे धुतात आणि भावांना मार बसतो. मग ते ब्राह्मणाचं सोंग घेऊन तक्षशिलेला शिकायला जातात. एके दिवशी जेवताना गरम घासानं तोंड भाजतं, तोंडून आपली बोली निघते आणि दोघंही पकडले जातात. पोरगं हे सांगताना थांबलं. कॉलेजच्या खाणावळीत त्याचंही तसंच काहीसं झालं होतं, ते त्यानं सांगितलं नाही, मला दुसऱ्याकडून कळलं.

"म्हणजे इ.स. ४०० च्या आधीपासून होतं ना हे?" त्यानं विचारलं.

मी म्हटलं, नीट बघ. जातकात गाथा जुन्या, भोवतालचं गद्य नंतरचं, आजच्या रूपात साधारण पाचव्या शतकाच्या सुमाराचं मानतात. डोळे धुण्याचा प्रसंग कशात आहे? त्यानं पानं चाळली. प्रसंग गद्यात. गाथेत एवढंच की मागं आपण अवंतीत चांडाळ होतो. पोराचा चेहरा उजळला. "मग बाबासाहेबांचं साल बरोबर!"

"नाचू नको," मी म्हटलं. "गद्य पाचव्या शतकात लिहिलं म्हणजे गोष्टही पाचव्या शतकातली असं होत नाही. शिवाय पतंजली बाकी आहे." इसवी सनाच्या आधी दीडेकशे वर्षं तो व्याकरण शिकवताना सांगतो की काही शूद्रांनी जेवलेलं भांडं घासूनपुसूनही शुद्ध होत नाही. हा बाबासाहेब म्हणतात तो नुसता अपवित्रपणा, की अस्पृश्यताच? फा-हियान इ.स. ४०० च्याच सुमारास आला. त्यानं लिहिलंय की चांडाळ गावात शिरताना लाकूड वाजवतात, लोकांना बाजूला होता यावं म्हणून. बाबासाहेब याला अस्पृश्यतेचा पुरावा मानत नाहीत. त्यांची कारणं आधी वाचायची, मग आपण बोलायचं.

आता दर रविवारी सकाळी नऊला आम्ही विहारात बसतो. आधी दोघं होतो, आता पाचजण झालोत. ओरडणाऱ्या दोघांपैकी एक त्यात आहे. मूळ वाचायचं तर भाषा पाहिजे म्हणून पालीही सुरू केलीय. सध्या विभक्ती चालल्यात, बुद्धो, बुद्धं, बुद्धेन.