उज्जैनची वेळ आणि एडनची बोट

इंदूरला समुद्राची गोष्ट ऐकायला मिळेल असं कोणी मला सांगितलं असतं तर मी हसलो असतो. मांडवीच्या काठावर वाढलेल्या माणसाने जहाजांविषयी शिकायचं आणि तेही माळव्यात, सकाळच्या पोहे-जिलबीच्या ताटलीसमोर! पण झालं खरं तसंच.

एका लग्नाच्या निमित्ताने दोन वर्षांपूर्वी इंदूरला गेलो होतो. ज्यांच्याकडे उतरलो होतो त्यांचे वडील निवृत्त कप्तान. घराणं होळकरांच्या काळापासून इंदुरात स्थायिक. शाळा संपल्यावर मुंबईला ‘डफरिन’ या प्रशिक्षण-जहाजावर गेले आणि पुढची पस्तीस वर्षं समुद्रावर काढली. आता पंच्याऐंशीच्या घरात आहेत. मी गोव्याचा म्हटल्यावर त्यांना आनंद झाला आणि त्यांनी माझी परीक्षाच सुरू केली.

“अमुक दिवशी अमुक वाजता बंदरात पोचायचं आहे. बोटीचा वेग किती ठेवायचा हे कसं ठरवाल?”

“अंतर भागिले वेळ,” मी म्हणालो. “सातवीचं गणित.”

“बरोबर. मग आता सांगा, कुठलं अंतर आणि कुठली वेळ?”

अंतराचं मला थोडंफार माहीत होतं. सागरी मैल म्हणजे रेखावृत्तावरच्या एका अंशाचा साठावा भाग, १८५२ मीटर. तासाला एक सागरी मैल म्हणजे एक नॉट, आणि नॉट म्हणजे शब्दशः गाठ. जुन्या शिडाच्या जहाजांवर दोरीला ठराविक अंतरावर गाठी मारून तिच्या टोकाला लाकडी फळी बांधत. फळी पाण्यात टाकायची, वाळूचं छोटं घड्याळ उलटं करायचं आणि ते रिकामं होईपर्यंत हातातून किती गाठी सुटल्या ते मोजायचं. पण दोरीला कळतो तो पाण्यातला वेग. खालचं पाणीच वाहत असेल तर जमिनीच्या हिशेबाने बोट किती पुढे गेली ते तिला कळत नाही. एवढं सांगून मी थांबलो. “पास,” ते म्हणाले, “पण वेळेचं राहिलं.” आणि मग त्यांनी स्वतःची फजिती सांगितली.

गोष्ट सुवेझ कालवा १९६७ मध्ये बंद पडण्याआधीची. बोट एडनहून मुंबईला निघायची होती. अंतर सुमारे १६५० सागरी मैल. सेकंड मेट तापाने आडवा झालेला, म्हणून हिशेब थर्ड मेटकडे, म्हणजे यांच्याकडे आला. दुपारी १२ ला निघायचं आणि सहाव्या दिवशी सकाळी ६ च्या भरतीला मुंबई गाठायची. मुंबईच्या जुन्या गोद्यांना दरवाजे होते. प्रिन्सेस डॉक १८८० चा, व्हिक्टोरिया डॉक १८८८ चा. हे दरवाजे भरतीच्या सुमारालाच उघडत. ती वेळ टळली की बाहेर नांगर टाकून बसायचं, पुढची भरती साडेबारा तासांनी.

त्यांनी बोटं मोजली: पाच दिवस अठरा तास, म्हणजे १३८ तास. १६५० भागिले १३८, आलं ११.९६. इंजिनरूमला तसं कळवलं, गोदीला तार गेली. हवा स्वच्छ, समुद्र शांत. रोज दुपारी नकाशावर बिंदू काढावा तर बोट कागदाप्रमाणे अगदी काट्यावर चाललेली. चौथ्या दुपारी सेकंड मेट उठून आला, कागद पाहिला आणि म्हणाला, “निघालास एडनच्या घड्याळाने, पोचणार मुंबईच्या घड्याळाने. मधले अडीच तास कुठे गेले?”

एडन ग्रीनिचच्या तीन तास पुढे, आपण साडेपाच. पूर्वेकडे येताना हे अडीच तास समुद्रातच नाहीसे होतात. हाती होते ते १३८ नव्हे, १३५.५ तास. सुरुवातीलाच हे लक्षात आलं असतं तर वेग १२.१८ ठेवला की काम भागत होतं, म्हणजे पाव नॉटचाही फरक नाही. पण ९६ तास उलटून गेले होते. उरले ५०२ मैल आणि साडेएकोणचाळीस तास. आता १२.७ नॉट हवे, आणि इंजिनाचा जोर सव्वाबारापर्यंतच. बोट साडेसातला आली तेव्हा दरवाजे बंद झाले होते. कप्तान काही बोलला नाही. संध्याकाळच्या भरतीपर्यंत त्याने या पोराला नांगराच्या पहाऱ्यावर उभं केलं.

“तेव्हापासून,” ते म्हणाले, “निघायची वेळ ग्रीनिचमध्ये, पोचायची वेळ ग्रीनिचमध्ये. स्थानिक घड्याळ फक्त जेवायला.” मग खिडकीकडे बोट दाखवून म्हणाले, “आणि तुम्ही इंदुरात आला आहात. आपलं ग्रीनिच इथून पंचावन्न किलोमीटरवर आहे. उद्या जाऊन या.”

ते उज्जैनविषयी बोलत होते. सूर्यसिद्धान्तात लंका, उज्जैन आणि कुरुक्षेत्र यांवरून जाणारी रेषा मध्यरेखा धरली आहे. आपलं गाव तिच्या पूर्वेला किती, पश्चिमेला किती, हे पाहून गणितात जी दुरुस्ती करायची तिचं नाव देशांतर. ते काढायची सांगितलेली रीत मला फार आवडते. खग्रास चंद्रग्रहण सगळ्यांना एकाच क्षणी दिसतं. उज्जैनसाठी गणिताने काढलेल्या वेळेपेक्षा तुमच्याकडे ते उशिरा दिसलं तर तुम्ही पूर्वेला, आधी दिसलं तर पश्चिमेला. एका घटीचा फरक म्हणजे सहा अंश, कारण साठ घटींत पृथ्वीचा पूर्ण फेरा. (हेच उज्जैन अरबांकडे जाऊन ‘अरिन’ झालं आणि पुढे युरोपच्या लॅटिन ग्रंथांतही शिरलं.) थर्ड मेटच्या कागदावर राहून गेलं ते हे देशांतरच.

आपल्याकडे सगळं आधीच होतं, अशा थाटात मी हे लिहीत नाही. उज्जैनचे ज्योतिषी जहाजं हाकत नव्हते आणि भर समुद्रात ग्रहणाची वाट पाहत बसणं शक्य नाही. खलाशाच्या हाती बोटीवर टिकणारं घड्याळ यावं लागलं. इंग्लंडच्या जॉन हॅरिसनच्या अशा घड्याळाची समुद्रावर परीक्षा झाली ती १७६१ मध्ये.

त्याआधी या समुद्रात अंतरही वेळेनेच मोजत. अरब नाखव्यांचा ‘झाम’ म्हणजे तीन तासांची मजल. आपला याम, म्हणजे प्रहर, तोही तीन तासांचाच. पण शिडांच्या काळात वेग ठरवणं तांडेलाच्या हाती नव्हतंच. त्याच्या हाती होता निघायचा दिवस. वास्को द गामा १४९८ च्या एप्रिलअखेर मालिंदीहून निघाला आणि नैर्ऋत्येच्या वाऱ्यावर सुमारे तेवीस दिवसांत कालिकतला लागला. परतताना कारवारजवळच्या अंजदीव बेटावरून (आज ते आमच्या गोव्यात आहे) ऑक्टोबरच्या सुरुवातीला निघाला, ईशान्येचे वारे नीट सुरू होण्याआधीच. तोच समुद्र ओलांडायला तीन महिने लागले. हिरड्या सुजून माणसं मेली, आणि उरलेल्यांना तीन जहाजं हाकता येईनात म्हणून एक जाळून टाकावं लागलं. महिनाभर थांबला असता तर कदाचित ती माणसं वाचली असती. पुढे लिस्बनहून गोव्याला येणारी जहाजं मार्च-एप्रिलमध्ये सुटत. पावसाळी वारे चुकले की मोझांबिकला मुक्काम, आणि तिथल्या तापाने किती जण गेले याला गणती नाही.

आगबोट आली तेव्हा हे गणित पंचांगातून उठून इंजिनरूममध्ये गेलं. माझ्या लहानपणी मुंबईहून पणजीला येणारी बोट रत्नागिरी, देवगड, मालवण, वेंगुर्ला अशी थांबत यायची. पडाव उशिरा लागला, कोणाची गाठोडी राहिली, की ठरल्या वेळेतून अर्धा तास गेला. पुढच्या टप्प्यात धूर काळा झाला की आमचे मामा म्हणायचे, “आता पळवतोय!” ती बोट १९८० च्या दशकाअखेर बंद झाली. काकांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी मान हलवली. वेग दहा टक्के वाढवला की तासाला तेल साधारण तेहतीस टक्के जास्त जळतं, म्हणून चांगला अधिकारी उशीर पहिल्या दिवशी भरून काढतो, शेवटच्या दिवशी नाही. लवकर पोचण्यातही शहाणपण नाही. तेल जाळायचं आणि बंदराबाहेर रांगेत उभं राहायचं.

दुसऱ्या दिवशी उज्जैनला जयसिंगाच्या वेधशाळेत गेलो. सम्राट यंत्राच्या भिंतीची सावली वाचली, त्या दिवसाची दुरुस्ती केली आणि माझ्या मनगटावरच्या घड्याळाशी ताडून पाहिली. उज्जैन ७५ अंश ४६ कला, आपली प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंशांची, म्हणजे जवळजवळ २७ मिनिटांचा फरक. जुळलं! तिथूनच काकांना फोन केला.

“छान. आणि तुमची पणजी?” पलीकडून प्रश्न आला.

सावलीत बसून कागदावर मांडलं. ७३ अंश ५० कला. उज्जैनच्या मागे पावणेआठ मिनिटं.