तळटीप : ग्राहक संरक्षण कायदा, २०१९

* लेखकाला येथे २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा अभिप्रेत आहे. १९८६च्या कायद्याची जागा त्याने घेतली. तो तिसऱ्या खेपेस पार पडला. २०१५चे विधेयक स्थायी समितीकडे जाऊन आले आणि पुढे मागे घेतले गेले. २०१८चे विधेयक लोकसभेने डिसेंबरात मंजूर केले, पण ते राज्यसभेत प्रलंबित असतानाच सोळावी लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयक व्यपगत झाले. (राज्यसभा कधीच विसर्जित होत नाही, तरी लोकसभेने मंजूर करून तिच्याकडे पाठवलेले विधेयक अनुच्छेद १०७नुसार लोकसभेबरोबरच संपते.) जुलै २०१९मध्ये ते नव्याने मांडले गेले, ६ ऑगस्टला राज्यसभेने संमत केले.

या प्रवासात ‘सेवा’ या संज्ञेच्या व्याख्येतून आरोग्यसेवेचा उल्लेख गळला. त्यामुळे रुग्णांचे संरक्षण गेले, हे लेखकाचे मत मात्र स्वीकारता येत नाही. व्याख्येतली यादी केवळ उदाहरणादाखल आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २०२१मध्ये तसा स्पष्ट निर्वाळा दिला, सर्वोच्च न्यायालयाने २०२२मध्ये तो कायम ठेवला. पैसे मोजून घेतलेल्या उपचारांत हयगय झाली, तर रुग्णाला आजही ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते.