बाकीची गोष्ट : दास्तान वाढते तेव्हा आणि बिघडते तेव्हा

"मग पुढे काय झालं?" हा प्रश्न जगातल्या प्रत्येक गोष्टीइतकाच जुना आहे. या एका प्रश्नावर पूर्वी लखनौचे दास्तानगो पोट भरत, छापखाने चालत. आज त्याच प्रश्नावर संगणकावरच्या खेळांचा धंदा चालतो. एखादा काल्पनिक दुनियेचा खेळ गाजला की कंपनी दोन-तीन वर्षांनी त्याला नवा भाग जोडते. नवे प्रदेश, नवे राक्षस, नवी शस्त्रे आणि जुन्या कथेचा पुढचा अध्याय. याला मुले 'एक्सपान्शन' म्हणतात.

'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हा खेळ २००४ साली आला. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये त्याचे आठवे एक्सपान्शन आले, 'शॅडोलँड्स'. कथा मृत्यूनंतरच्या दुनियेत जाणार होती, त्यामुळे उत्सुकता मोठी होती. भिवंडीत हा खेळ प्रत्यक्ष खेळणारी मुले फार नाहीत, पण त्याची कथा यूट्यूबवर तासन् तास ऐकणारी आहेत. माझ्या माजी विद्यार्थ्यांत असे दोघे-तिघे आहेत. त्यांचा निकाल एका वाक्यात होता : "दिसायला भारी आहे, पण स्टोरीची वाट लावली."

नेमकी काय वाट लावली? सोळा वर्षांत या खेळाने काही पात्रे जिवंत केली होती. आर्थस नावाचा राजपुत्र आपल्या प्रजेला वाचवता वाचवता स्वतःच सैतान होतो, ही त्यातली सर्वांत गाजलेली शोकांतिका. सिल्व्हानस ही त्याच आर्थसची बळी. तिने २०१८ च्या भागात एल्फ लोकांचे वृक्षनगर माणसांसकट जाळले होते. तिने हे का केले आणि तिला शिक्षा काय होणार, हे कळायला लोक थांबले होते. 'शॅडोलँड्स'ने उत्तर दिले की या सगळ्यामागे 'जेलर' नावाचा कोणी एक होता. आधीच्या भागांत त्याचा पत्ताही नव्हता. आर्थसची तलवार आणि त्याचे शिरस्त्राण यांच्यामागेही म्हणे त्याचाच हात. म्हणजे आर्थसचा मोह, त्याचा अहंकार, त्याची निवड हे सगळे एका फटक्यात हलके झाले. शेवटी तो आर्थस ठिणगीएवढा उरून विरून गेला. सिल्व्हानसला शिक्षा झाली ती अशी की नरकात जाऊन हरवलेले आत्मे शोधून आणायचे. जळालेल्या नगराचा हिशेब चुकता झाला असे फार थोड्यांना वाटले.

मोठी माणसे या तक्रारीवर हसतात. खेळ तो खेळ, त्याच्या गोष्टीचे काय एवढे? पण उर्दू शिकवणाऱ्या माणसाला ही तक्रार ओळखीची वाटते, कारण आपल्याकडे हा सगळा मामला एकदा होऊन गेला आहे. आपल्याकडची ती गोष्ट म्हणजे 'दास्तान-ए-अमीर हमजा'.

हजरत हमजा हे रसूलल्लाह (स.) यांचे चुलते. उहुदच्या लढाईत, इ.स. ६२५ मध्ये, ते शहीद झाले. हा इतिहास आहे. दास्तानीतला अमीर हमजा मात्र कल्पनेतला. तो परीलोक असलेल्या काफ पर्वतावर जातो, देव-दानवांशी लढतो, जादूगारांची राज्ये मोडतो. ऐकणाऱ्यांना हा फरक पक्का ठाऊक होता. फारसीतून ही गोष्ट हिंदुस्थानात आली आणि इथे तिला बाळसे धरले. अकबर बादशहाला तिचा इतका नाद होता की सुमारे १५६२ पासून पुढची पंधरा वर्षे त्याच्या चित्रशाळेत 'हमजानामा'ची कापडावरची सुमारे १४०० मोठी चित्रे तयार होत होती. त्यातली दोनशेही आज उरलेली नाहीत. काही तर १८८१ साली श्रीनगरात खिडक्या झाकायला वापरलेली सापडली.

हे फक्त उत्तरेतले प्रकरण समजू नका. आपल्या दख्खनमध्येही अशा कथांची हौस होती. विजापूरच्या मुहंमद आदिलशहाची बेगम खदीजा सुलतान हिच्या सांगण्यावरून रुस्तमी या कवीने १६४९ मध्ये दखनीत 'खावरनामा' पूर्ण केला. त्यात हजरत अली (रजि.) यांच्या नावाने रचलेल्या काल्पनिक मोहिमा आहेत, अजगर आहेत, जादूचे किल्ले आहेत. आपल्या दख्खनच्या दरबारात साडेतीनशे वर्षांपूर्वी एक बाई अशी गोष्ट लिहवून घेत होती, हे आपण सहसा मुलांना सांगत नाही.

उर्दूत हमजाची दास्तान प्रथम छापली गेली ती कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजसाठी, १८०१ मध्ये, एका बेताच्या आकारात. खरा विस्तार झाला लखनौमध्ये. मुन्शी नवलकिशोर हे तिथले मोठे प्रकाशक. जातीने भार्गव, हिंदू. त्यांच्या छापखान्यात कुरआन शरीफही छापला जाई आणि ही दास्तानही. १८८० च्या दशकापासून पुढची तीसेक वर्षे त्यांच्या छापखान्याने तोंडी सांगितली जाणारी ही दास्तान लिहवून घेऊन ४६ खंडांत काढली. एकेक खंड नऊशे-हजार पानांचा. त्यातला मुकुटमणी म्हणजे 'तिलिस्म-ए-होशरुबा'.

ज्याने आजचे खेळ पाहिले आहेत त्याला होशरुबा वाचताना सारखे दचकायला होते. तिलिस्म म्हणजे जादूने उभारलेली बंद दुनिया, तिचे स्वतःचे कायदे. ती मोडणारा ठरलेला असतो, तो 'तिलिस्मकुशा'. मोडायची युक्ती एका 'लौह'वर म्हणजे तख्तीवर लिहिलेली असते आणि आधी ती तख्ती मिळवावी लागते. अमर अय्यार हा हमजाचा बहुरूपी साथीदार. त्याच्या झंबीलमध्ये, म्हणजे थैलीत, काय वाटेल ते मावते. खेळातल्या मुलांच्या भाषेत सांगायचे तर हे सगळे क्वेस्ट, लेव्हल आणि इन्व्हेंटरीच आहे.

आणि भांडणेही तीच. होशरुबाचे पहिले चार खंड मुहंमद हुसैन जाह यांनी लिहिले. मग प्रकाशकाशी बिनसले आणि पुढचे काम अहमद हुसैन कमर यांच्याकडे गेले. कमर यांनी आपल्या खंडांत जाह यांना चिमटे काढले आणि या दास्तानीचे खरे श्रेय आपलेच असे सांगितले. होशरुबा सात खंडांत संपल्यावर कमर यांनी पुन्हा 'बकिया तिलिस्म-ए-होशरुबा' लिहिले. बकिया म्हणजे उरलेले, बाकीचे. एक्सपान्शनला याहून चांगला उर्दू शब्द सापडणार नाही. जाह यांची लेखणी सरस की कमर यांची, हा वाद जाणकारांत अजून चालतो.

म्हणजे लेखक बदलणे, मालकाची घाई, खपणारी गोष्ट ताणणे हे सगळे आपल्याकडेही होते. तरीही ४६ खंडांची ही इमारत लोकांनी डोक्यावर घेतली. ती कशामुळे टिकली, याचा विचार केला तर त्या मुलांची तक्रार नीट कळते.

पहिली गोष्ट म्हणजे शेवट ठरलेला होता. अमीर हमजा कितीही तिलिस्म मोडो, कितीही वर्षे काफमध्ये राहो, त्याला शेवटी उहुदला पोहोचायचे आहे आणि शहीद व्हायचे आहे, हे प्रत्येक ऐकणाऱ्याला माहीत होते. खुंटी पक्की असल्यामुळे दोर हवा तितका लांब सोडता येत होता. ज्या खेळाला पुढच्या भागाची विक्री करायची आहे त्याला अशी खुंटी परवडत नाही. तिथे मेलेला माणूसही पक्का मेलेला नसतो.

दुसरे, दास्तान आडवी वाढत होती. हमजाला मुलगे झाले, नातू झाले, त्यांच्या नशिबी नवी तिलिस्मे आली. होशरुबा मोडतो तो हमजाचा नातू असद. त्याचा शत्रू अफ्रासियाब हा जादूगारांचा शहेनशहा, आपल्या राज्याचा धनी आहे आणि आपल्या पापांचाही. त्याच्यासाठी मागच्या खंडांतल्या कोणाचे दोष काढून घेतलेले नाहीत. गोष्ट मागे जाऊन खरवडायची नाही, पुढे आणि बाजूला वाढवायची, हा अलिखित नियम होता.

तिसरे, ऐकणारा समोर बसलेला असे. दास्तानगोच्या कलेत 'दास्तान रोखणे' हा एक गुण मानला जाई. किस्सा सांगतात की एका दास्तानगोने प्रियकर-प्रेयसीमधला पडदा उचलायचा प्रसंग दिवसेंदिवस लांबवला आणि कोणी उठून गेले नाही. लांबवणे म्हणजे पाणी घालणे नव्हे. प्रत्येक रात्री श्रोत्याच्या चेहऱ्यावर परीक्षा होत होती. लखनौतून छापलेल्या खंडांनाही हाच श्रोता ठाऊक होता. खेळाची कथा मात्र महिन्यामहिन्यांच्या अंतराने तुकड्यांत येते आणि श्रोत्याचा चेहरा सांगणाऱ्याला फार उशिरा दिसतो.

इथे महाभारताचे उदाहरण मला फार बोलके वाटते. 'हरिवंश' हा महाभारताचा 'खिल' म्हणजे पुरवणी भाग. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीपाठोपाठ त्याचीही आवृत्ती काढली. त्याची सुरुवातच शौनकाच्या मागणीने होते. कुरूंची कथा तू सांगितलीस, पण वृष्णी आणि अंधक यांची राहिली, ती सांग, असे तो सूताला म्हणतो. पुरवणी लिहायची तर अशी : ऐकणाऱ्याच्या मनात जी जागा खरोखर रिकामी आहे ती भरणारी. खेळातल्या श्रोत्यांची रिकामी जागा ठरलेली होती. नगर जाळणारीचा न्याय कसा होतो? त्या जागेवर त्यांना जेलर मिळाला.

दास्तानीच्या वाट्याला पुढे काय आले हेही सांगायला हवे. तिला खेळांनी मारले नाही, सुधारकांनी घराबाहेर काढले. नजीर अहमद यांच्या 'तौबतुन्नसूह'मध्ये बाप मुलाची पुस्तके जाळतो, तो प्रसंग उर्दू वाचकाला आठवत असेल. हाली यांनी १८९३ मध्ये कवितेकडूनही वास्तव आणि उपयोग मागितला. मराठीतही तेच वारे होते. हळबे यांची 'मुक्तामाला' (१८६१) आणि रिसबूड यांची 'मंजुघोषा' (१८६८) या अद्भुतरम्य कादंबऱ्या एकेकाळी आवडीने वाचल्या गेल्या. १८७२ मध्ये काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी कादंबरी आणि नाटकावर निबंध लिहून त्यांची झडती घेतली आणि पुढे हरिभाऊ आपट्यांनी मराठी कादंबरी वाड्यातल्या विधवेच्या खोलीत आणली. हे गरजेचेच होते. यमूचे दुःख परीच्या गोष्टीत मावले नसते.

मग १९४९ साली हा वाद थेट आपल्या गावी आला. त्या वर्षी मे महिन्यात प्रगतिशील लेखक संघाचे अखिल भारतीय अधिवेशन भिवंडीत भरले. जुने उर्दू लेखक या गावाला 'भीमडी' लिहीत, त्यामुळे साहित्याच्या इतिहासात ती 'भीमडी कॉन्फरन्स' म्हणून ओळखली जाते. तिथल्या जाहीरनाम्याची भूमिका फार कडक होती. लेखकाने उघड बाजू घ्यावी, बाकीचे सगळे पलायन. १९५३ च्या दिल्ली अधिवेशनात ती भूमिका सैल करावी लागली. मागांच्या खडखडाटात राहणाऱ्या गावाला कष्टकऱ्याचे साहित्य हवेच होते, त्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण १८५७ नंतर उत्तरेतून इथे आलेल्या विणकर घराण्यांनी मागाबरोबर किस्सेही आणले होते. बारा तास यंत्रासमोर उभा राहणारा माणूस रात्री अमर अय्यारची झंबील ऐकत असेल, तर ते पलायन म्हणायचे की त्याचा हक्क?

दास्तान पूर्ण मेली नाही. शम्सुर्रहमान फारुकी यांनी आयुष्य घालवून ते ४६ खंड जमवले आणि त्यांच्यावर पुन्हा गंभीरपणे लिहिले. २००५ पासून महमूद फारुकी यांनी पांढऱ्या अंगरख्यात, दोन लोड ठेवून, दास्तानगोई पुन्हा मंचावर आणली आणि तिकीट काढून लोक ती ऐकतात.

म्हणून "स्टोरीची वाट लावली" असे चिडून सांगणाऱ्या मुलाला मी गप्प करणार नाही. कर्माला कर्ता हवा, गुन्ह्याला हिशेब हवा, मागच्या गोष्टीशी पुढची इमानदार हवी, एवढे तो मागतो आहे. मराठीच्या तासाला 'पात्राचे स्वभावचित्र' लिहायला सांगितले की हीच मुले तीन ओळींत आटपतात. त्यांना आर्थसबद्दल विचारा, तासभर बोलतील, आणि पुराव्यासकट बोलतील. मग त्यांना अफ्रासियाब द्यायला काय हरकत आहे? कर्ण द्यायला, यमू द्यायला काय हरकत आहे? निराश झालेला श्रोता हा चांगला श्रोता असतो, कारण चांगली गोष्ट कशी असते हे त्याला ठाऊक झालेले असते. त्याला बकियाच्या भरवशावर सोडू नये. मूळ खंड आपल्या घरातच पडलेले आहेत, ते त्याच्या हाती द्यावेत.